काकूचा निरोप

माझ्या बायकोच्या फोनवर माझा दात आहे. उघड सांगतो, लपवायचं काय त्यात? सकाळी चहाचा कप माझ्या हातात येण्याआधी तिची नजर त्या फोनकडे जाते. फोन वाजतो, ती चष्मा लावते, ओठ हलवत वाचते अन् मग अमरावतीतल्या आमच्या गल्लीचा दिवस ठरतो. कोणी कधी दळायचं, कोणी कधी इस्त्री करायची, कोणाच्या कूलरनं जरा दम खायचा. मी तिथेच खुर्चीत बसलेला असतो, सारी नोकरी सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून काढलेला माणूस. पण मला कोणी विचारत नाही.

आमच्या काळी लाइट जायची नाही बाप्पा, आम्ही घालवायचो. विजेचा हिशोब सोपा असतो. ज्या घडीला जेवढी बनते, त्याच घडीला तेवढी खपली पाहिजे. ती काही ज्वारी नाही, की कोठीत भरून ठेवली. खाणारे जास्त झाले की कोणाच्या तरी पुढचं ताट ओढावं लागतं. वरून फोन यायचा, "लोड वाढलं, कमी करा," की मी पॅनलसमोर उभा राहायचो अन् एक फीडर पाडायचो. एक फीडर म्हणजे पाच-सहा गावं, नाहीतर अर्धं शहर. ताट ओढणारा तो हात माझा होता.

अंजनगाव सुर्जीला होतो तेव्हाचा थाट तर विचारूच नका. पानमळेवाले मला रस्त्यात थांबवून नमस्कार करायचे. थंडीत हुरड्याची पहिली परात सबस्टेशनात यायची. अन् लग्नसराईत पहिली पत्रिका देवापुढे, दुसरी माझ्या घरी. "साहेब, अक्षता पडेपर्यंत तेवढं सांभाळा," असं म्हणत वधूपिता हात जोडून उभा. मी मान डोलवायचो, अन् वरून फोन आला की ज्याचं त्याचं नशीब. लग्नाला जायचो मात्र प्रत्येक. बायको यायची नाही. पत्रिका आली की तिचं डोकं दुखायला लागायचं. मी म्हणायचो, नाजूक आहे बिचारी.

तिचाही मान माझ्यामुळेच, असं मी धरून चाललो होतो. सकाळी डबा भरताना मी तिला सांगायचो, आज अमुक वेळेला आपल्या भागाची जाणार. ती ते नळावर सांगायची. "आज लवकर दळून घ्या वो, दुपारी नाही रायणार." बायका तिचं ऐकायच्या, कारण तिच्यामागं मी होतो. माझ्या निरोपावर तिनं जन्म काढला. मला ते आवडायचं, आता खोटं कशाला बोलू.

मग मी रिटायर झालो, अमरावतीत घर बांधलं, अन् मला वाटलं की आता निवांत. तर गेल्या वर्षी गल्लीत नवे मीटर आले. त्याच्यासोबत कंपनीतली एक तरुण इंजिनियर पोरगी आली, पाठीला बॅग, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिनं घरोघरी पाण्याच्या मोटारीला अन् कूलरला एकेक छोटा डबा जोडला अन् बायकांच्या फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं. म्हणाली, दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, संध्याकाळी ऊन जातं अन् सगळी घरं एकदम जागी होतात, तेव्हा कमी पडते. म्हणून जे काम दुपारी होईल ते दुपारी करायचं. संध्याकाळी सॉफ्टवेअर सगळ्या घरांना पाळी लावून देणार. एका घराच्या कूलरची पाण्याची मोटार थोडा वेळ थांबेल, पंखा चालूच राहील, खस ओली असते तोवर घरातल्याला कळणारही नाही. ती सुरू झाली की दुसऱ्या घराची थांबेल. असं हजारो घरांनी थोडं थोडं केलं की कोणाचाच फीडर पाडावा लागत नाही.

"अन् एखाद्याले नसंन थांबवाचं तर?" मी मुद्दाम विचारलं.

"तर फोनमध्ये 'आज नको' दाबायचं, काका. विचारल्याशिवाय काही बंद होत नाही."

विचारल्याशिवाय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही काय कधी कोणाला विचारलं? आयुष्यभर जे काम मी दरारा घेऊन केलं, ते हा डबा गोड बोलून करणार. त्यावर कडी म्हणजे पोरीनं हे सगळं समजावून सांगितलं माझ्या बायकोला. मी शेजारी उभा होतो, सबस्टेशनचा माणूस आहे हे दोनदा सांगितलं. "हो का? छान," एवढं म्हणाली अन् पुन्हा तिच्याकडे वळली. गरज सरो, वैद्य मरो.

फोनवरचे निरोप तसे प्रत्येकीला यायचे. पण ते असे कागदी भाषेत, की वाचणाऱ्याला जांभई यावी. 'उच्च मागणीच्या कालावधीत सहकार्य करावे.' बायका वाचायच्या अन् सोडून द्यायच्या. मग आमच्या हिनं गल्लीच्या ग्रुपवर आपल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "बाई वो, आज संध्याकाळी जरा दमानं घ्या. कोपऱ्यावरच्यायनं आता दळून घ्या, तुमच्या मांगं इस्त्रीवाले. बाळंतीण जिच्या घरी हाये तिनं कूलर बंद करू नये, तिच्या वाटचं आमी करतो." झालं. गल्ली तिच्या आवाजावर चालायला लागली. भाजीवाल्यापाशी उभा राहिलो की कानावर यायचं, "काकूनं काय सांगतलं आज?" काकू, काकू, काकू. काका नावाचा माणूस या गल्लीत राहतो की नाही, असा मलाच प्रश्न पडायचा.

अन् मग अकोल्याचं बोलावणं आलं. अकोल्यात काही वस्त्यांमध्ये हेच सुरू व्हायचं होतं. तिथल्या बायकांना समजावून सांगायला आमच्या हिनं यावं, असं त्या पोरीनं ठरवलं. गाडी येणार, हॉल असणार, माईक असणार. माईक! मला निरोपाच्या समारंभात नारळ अन् शाल दिली होती, माईक साहेबांनी सोडलाच नव्हता. माझी लग्नाची बायको, जिला मी जोडणी अन् तोडणी यातला फरक शिकवला, ती अकोल्यात माईकवर लोडबद्दल बोलणार. 

ती मात्र हरखून गेली होती. पोळ्या लाटताना पुटपुटत सराव करायची. ठेवणीतली निळी साडी काढून भर दुपारी, निरोप पाळून, इस्त्री करून ठेवली. चाळीस वर्षांत मी तिला कशासाठी एवढी तयारी करताना पाहिलं नव्हतं. एकदा तर लाटणं हातात माईकसारखं धरलं होतं, मला पाहून खाली ठेवलं.

"फीडर म्हणजे काय माहीत हाये का तुले?" मी म्हटलं. "कोणी विचारलं तर काय सांगशीन तिथी?"

"नाही माहीत. कोणाच्या घरी कवा काय चालू असते, इतकं माहीत हाये मले."

"त्यानं काय ग्रिड चालते?"

"आपली गल्ली तं चालून रायली," ती म्हणाली अन् पोळी उलटवली. मी उठून ओसरीत गेलो. तिथेही तिचाच फोन चार्जिंगला लावलेला.

अकोल्याला जायच्या दोन-तीन दिवस आधी अंजनगावला तिच्या भाचीचा साखरपुडा होता. मी नाही गेलो, उन्हाचं निमित्त केलं. ती सकाळीच एसटीनं गेली. मे महिना, अंग भाजून काढणारं ऊन, रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. अन् नेमका नळाचा दिवस. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, पाच वाजता, अन् आला की गल्लीत एकच धांदल.

दुपारी चार-पाच जणी दारात आल्या. पुढं समोरच्या घरातली, तिची पोरगी बाळंतपणाला आलेली, पाळण्यात दीड महिन्याचं बाळ.

"काका, काकूचा आज निरोपच नाही आला वो. फोन बी लागून नाही रायला. कुरड्याचे गहू भिजले हाये, वाटाचे हाये. नळ बी आज हाये. कवा काय लावाव?"

काय सांगू, छाती एकदम रुंद झाली. इतक्या दिवसांनी कोणी मला विचारत होतं. मी खुर्ची सरकवून उठलो, घड्याळात पाहिलं, कपाळाला आठी घातली, अगदी पॅनलसमोर उभा राहायचो तसा. संध्याकाळी लोड चढतं, हे मला त्या डब्यानं सांगायची गरज नव्हती. सहाच्या आत सगळं उरकलं की फीडर मोकळा. साधी गोष्ट.

"असं करा," मी म्हटलं. "ते डबे काढून फेका, मोटारी सरळ बोर्डाले लावा. नळ आला का सगळ्यायनं एकदमच ओढून घ्या. दळण, वाटण, इस्त्री, जे असंन ते पाच ते सहात मोकळं करा. सहानंतर कोणी काही लावू नका."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. समोरची म्हणाली, "डबे काढाचे? हे काकूनं सांगतलं का?"

हे काकूनं सांगितलं का! इतक्या वर्षांची नोकरी तिच्या एका प्रश्नात धुळीला मिळाली. मी नाही म्हटलं असतं, तर त्या तशाच परत गेल्या असत्या. मला ते दिसत होतं.

"हाव," मी म्हटलं. "फोन आला होता तिचा. तिचाच निरोप हाये."

"मंग ठीक हाये," म्हणाल्या अन् गेल्या. ऐकलं ते तिच्या नावाचं. तरी मी खूश होतो. ओसरीत खुर्ची टाकून बसलो, माझा हुकूम गल्लीत फिरताना ऐकत.

पाच वाजता नळ आला. एक मोटार घुरघुरली, दुसरी, मग सगळ्याच. घरघंट्या सुरू झाल्या, मिक्सर सुरू झाले. कूलर तर दिवसभराचे चालूच होते, दोन-तीन घरी एसी. आवाज ऐकून मला वाटलं, याला म्हणतात शिस्त. अन् कोपऱ्यावरच्या डीपीतून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरमधून, धाड असा आवाज आला.

तो आवाज मी ओळखतो. त्यानंतर जी शांतता पडते तीही ओळखतो. पण नेहमी मी तिच्या दुसऱ्या टोकाला असायचो, गावापासून लांब, पॅनलच्या खोलीत. इथं माझ्याच डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. मला फीडर माहीत होता. आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीला किती घरं एकदम सोसतील, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. घराघराला पाळी लावून तो डबा रोज तेच सांभाळत होता.

समोर बाळ रडायला लागलं. थोड्या वेळानं लाइनमन आला, वर पाहून मान हलवली. "जळाला. नवा बसवा लागन, उद्याच होईन." त्या उकाड्यात सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसली, कोणी पदरानं वारा घेत, कोणी पुठ्ठ्यानं. माझ्या दारात कोणी आलं नाही. मी आत बसून राहिलो, दार लोटून.

दिवस मावळताना बायको ऑटोतून उतरली. हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा डबा. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"काकू, तुमच्या निरोपानं घात केला वो! सगळ्यायनं एकदम लावलं अन् डीपी उडाला. लेकरू पाहा कसं लालेलाल झालं."

"माहा निरोप? कोणचा नि..." ती म्हणाली अन् थांबली. तिनं आमच्या घराकडं पाहिलं. खिडकीत मी दिसलो असेन. मग तिनं डबा कडेवर घेतला. "हाव व माय. माहीच चूक झाली. गडबडीत समजलं नाही मले."

तेवढं बोलून कामाला लागली. बाळ-बाळंतिणीला त्याच ऑटोत बसवून पलीकडच्या गल्लीत ओळखीच्या घरी पोचवलं, तिथं लाइट होती. बाकीच्यांना पेढे वाटले. घरात आली तेव्हा मी वाट पाहत होतो, की आता ही तोंड सोडेल. तिनं कैरी काढली. मला पन्हं करून दिलं.

अन् मला काय वाटलं, तेही सांगतो. बरं वाटलं. गल्लीत पहिल्यांदाच लोक तिच्या नावानं बोटं मोडत होते, अन् माझ्या आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. बघा म्हणावं, काकूही चुकते. हेवा माणसाला इतकं खाली नेतो बाप्पा, की स्वतःची चूकही दुसऱ्याच्या नावावर खपली की तो पेढा खातो. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा डीपी चढवत होते, तेव्हा ती इंजिनियर पोरगी घरी आली. डबे का काढले, कोणी सांगितलं, असं विचारत होती. बायको शांतपणे म्हणाली, "मीच सांगतलं होतं. चुकलं."

पोरीनं बॅगेचा पट्टा सारखा केला. मग चाचरत म्हणाली, "काकू, मग अकोल्याचं या वेळी राहू द्यायचं का? दुसऱ्या वस्तीतल्या एक ताई आहेत, त्यांना पाठवते. तिथं पहिलाच प्रश्न हा येईल, की तुमच्याकडं डीपी का जळला."

"बरोबर हाये तुहं," बायको म्हणाली. "त्यायलेच ने."

पोरगी गेली. बायकोनं खुंटीवरची निळी साडी काढली, घडी न मोडता कपाटात ठेवली, सगळ्यात खाली. वरून बाकीच्या साड्या ठेवल्या. मला हेच तर पाहिजे होतं. मग आता गार वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटलं.  मी चपला घातल्या अन् कोपऱ्यावर गेलो.

डीपीखाली पोरगी उभी होती, चार बायका उभ्या होत्या, समोरचीही होती. मी जरा मोठ्यानंच बोललो, कारण हळू बोललो असतो तर बोललोच नसतो.

"कालचा निरोप माहा होता. हिचा नव्हता. हिले तं माहीतबी नव्हतं."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. पण समोरची म्हणाली, "आमाले कालच समजलं होतं काका."

"कसं?"

"काकू कधी 'सगळ्यायनं एकदम लावा' म्हणते का? काकू घराघराचं अलग सांगते. रात्री नवा डीपी मांगाले लाइनमनच्या मांगं लागलो तवाच आमी आपसात बोललो, का हे काकाचं काम हाये."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"काकू म्हणाली न, माही चूक. आता तिनं तुमाले झाकलं तं आमी कायले उघडं पाडाव?"

खरं सांगतो, फोनचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता, जितका त्या घडीला बायकोचा वाटला. माझ्या हातात गावंच्या गावं होती. नमस्कार होते, हुरडा होता, पत्रिका होत्या. पण मला सांभाळायला असं चार घरांनी तोंड शिवून बसावं, असं कधी झालं नाही.

पोरगी म्हणाली, "काकूंना सांगा, अकोल्याला त्याच येताहेत. अन् काय झालं ते तसंच्या तसं सांगायचं म्हणावं."

मी घरी आलो. बायको ताटात गहू निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "कोपऱ्यावर सांगून आलो मी सगळ्यायसमोर. तू जाऊन रायली अकोल्याले." अन् वाट पाहिली. काहीतरी बोलेल, निदान वर बघेल, अशी माझी अपेक्षा होती.

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

"एक दिवस चार बायायपुढं बोलले तं इतकं तोंड उतरलं तुमचं?" ती म्हणाली. "लाइट तुमी घालवत होते, शिव्या मी खात होती. रोज. नळावर, दुकानात, डॉक्टरच्या लायनीत. अंजनगावच्या पहिल्या लग्नाले आली होती मी तुमच्यासंग, आठवते? तुमी पंगतीत बसले होते. नवरीच्या मायनं माहा हात धरून मले मांडवाच्या बाहेर काढलं. म्हणे, तुह्या नवऱ्यानं माह्या पोरीच्या हळदीत अंधार केला. तवापासून माहं डोकं दुखते."

 पंखा सुरू झाला, नव्या डीपीवरची लाइट आली होती. तिनं वर पाहिलं, पंख्याकडं.

"कालच्या नळाचं पाणी खालच्याच टाकीत हाये, वरची रिकामी हाये," ती म्हणाली. "मोटार लावा. पण समोरच्यायची भरून होऊ द्या आधी, लेकरू वापस आलं त्यायचं."

डबे अजून काढलेलेच होते. पाळी लावून द्यायला कोणी नव्हतं. मी ओसरीत गेलो, बटणावर बोट ठेवलं अन् समोरची मोटार बंद होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.